दळणावर एक डाव फुकट

दर रविवारी दुपारी चार वाजता मी मोबाईल स्टँडला लावतो, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतो आणि जगाला उत्तरं द्यायला बसतो. जग म्हणजे पंधरा ते पंचवीस वयाची पोरं. मिसरूड फुटायच्या आधीच त्यांच्या बोटांना गेम खेळायची सवय लागलेली असते आणि पन्नाशी उलटलेला एक माणूस मारामारीच्या गेममध्ये त्यांना लोळवतो याचं त्यांना कोण कौतुक! किती जण बघतात? यंत्र काही हजार सांगतं, मी लाख सांगतो. "काका, आवडता गेम कोणता?" मी दर रविवारी वेगळा सांगतो. "काका, फायटिंग गेम शिकायला किती दिवस लागतात?" मी सांगतो, मला अडीच दिवस लागले, त्यातला अर्धा दिवस जेवणात गेला. "काका, तुमचे अंगठे एवढे चपळ कसे?" मी सांगतो, परदेशातून एक शास्त्रज्ञ माझे अंगठे मोजायला आला होता, मोजेपर्यंत त्याची पट्टी झिजली. पोरं हसतात, आणखी मागतात. लोकांना खोटं आवडत नाही असं म्हणणाऱ्यानं लोक पाहिलेले नसतात. लोकांना आखूड खोटं आवडत नाही, एवढंच.

पण एक प्रश्न फिरून फिरून येतो. माझी मारायची पद्धत कोणालाही जमेल, पण वार अडवायची माझी जी रीत आहे ती या पोरांना उमजत नाही. समोरचा वेड्यासारखा मारत सुटतो, मी दांडी मागे धरून उभा राहतो, त्याचा एकही ठोसा लागत नाही, आणि तो दमला की मी एकदाच मारतो. "काका, हे कोणी शिकवलं?" यावर माझी एक ठरलेली कथा आहे. तोरणमाळला तळ्यापलीकडे एक बाबा राहायचे. त्यांच्याभोवती रानमाश्यांचं मोहोळ उठलं तरी एक माशी त्यांना चावत नसे. त्यांच्याकडे मी तीन पावसाळे राहिलो, लाकडं फोडली, भगर खाल्ली, आणि माशीला न मारता माशीपासून वाचायचं कसं ते शिकलो. ही कथा मी इतक्या वेळा सांगितली आहे, की तोरणमाळचा घाट चढून दोन पोरं त्या बाबांना शोधायला खरोखर गेली होती. त्यांनी परत येऊन सांगितलं, बाबा सापडले नाहीत पण तिथली हवा वेगळी आहे. आता बोला.

तळ्यापलीकडे बाबा नव्हते. होती ती माझी थोरली बहीण, सुनंदा. मी तिला जिजी म्हणतो. आणि ती तोरणमाळला नव्हती, पुरुषोत्तमनगरला कारखान्याच्या कॉलनीत, आमच्याच स्वयंपाकघरात, चुलीसमोर बसलेली होती. हे मी आजवर एकाही रविवारी बोललो नाही. आज लिहितो.

आमचे आबा कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. कोणाच्या उसाला कधी तोड मिळणार त्याच्या चिठ्ठ्या त्यांच्या हातून जायच्या, त्यामुळे गळीत हंगामात आबांना नमस्कार घालायला माणसं न्हाणीघराच्या दारापर्यंत यायची. कॉलनीतलं आमचं घर दोन खोल्यांचं, पण रुबाब बारा खोल्यांचा. सकाळी पहिला भोंगा झाला की सगळ्या कॉलनीच्या चुली एकदम पेटायच्या. मळीचा तो आंबूस-गोड वास नाकात असा बसलेला असायचा, की सुट्टीत मामाच्या गावी गेलो तर मला तिथल्या हवेत काहीतरी कमी आहे असं वाटायचं. चिमणीतून काळी राख उडायची आणि दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर तिळासारखी पडायची. आबांचा पांढरा सदरा वाळत असला की जिजी दोरीखाली उभी राहून फुंकर मारमारून ती राख उडवत असे. हात लावला की डाग पडतो, फुंकरीनं जाते, हे तिचं तिनेच शोधून काढलेलं. घरात दादर ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, थंडीत वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. माझी माय कळण्याची भाकरी अशी थापायची, की तिचा आवाज ऐकून पलीकडच्या तीन घरांतली माणसं ताटं घेऊन बसायची. यातली तीन घरं माझ्या पदरची, खरं म्हणजे एकच घर होतं, पण ते तीन घरांइतकं खायचं.

कॉलनीच्या कडेला हिरामण आण्णांची पिठाची गिरणी होती. आण्णा म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत पिठात लोळवलेला माणूस, भुवयासुद्धा पांढऱ्या, हसला की तेवढे दात पिवळे दिसत. त्यांचा साला सुरतेला होता. त्यानं कुठूनशी एक जुनी व्हिडिओ गेमची पेटी टेम्पोत घालून पाठवली. माणसाच्या छातीइतकी उंच, समोर काच, खाली दोघांसाठी दोन दांड्या आणि चार-चार बटणं. तिच्यात एकच खेळ, आणि जोडीला कोणी नसलं तर समोरचा पैलवान पेटीच खेळवायची. दोन पैलवान समोरासमोर, डोक्यावर दोघांच्या दोन पिवळ्या पट्ट्या. मार लागला की पट्टी कमी होत जायची, संपली की माणूस आडवा. गिरणीत वीज भरवशाची म्हणून आण्णांनी पेटी तिथेच, गव्हाच्या चाळणीशेजारी ठेवली. आणि एक योजना काढली, जी काढायला मोठमोठ्या कंपन्यांचे मेंदू कमी पडले असते. एक डबा दळण, त्यावर एक डाव फुकट.

झालं! ज्या पोरांनी जन्मात घरातली काडी उचलली नव्हती ती आयांच्या मागे लागली, दळण आहे का, दळण आहे का. विज्या नावाचा माझा वर्गमित्र घरात गहू संपले तेव्हा शेजारणीचे गहू मागून दळून द्यायला लागला. एकानं दळलेलं पीठ पुन्हा दळायला आणलं. तेव्हा आण्णांनी त्याला कानाला धरून हाकलला आणि म्हणाले, "पिठनं पीठ करस का रे? अजून एकदा दळशी तं धूर निघी!" कॉलनीत पीठ इतकं साठलं, की आमची काळी मांजर डब्यात शिरली ती दोन दिवसांनी पांढरी होऊन निघाली आणि मायनं तिला परकी समजून हाकललं.

आमच्या घरचं दळण पहिल्यापासून जिजी नेत असे. पेटी आल्यावरही डबा तिच्याच डोक्यावर असायचा. मी फक्त सोबत जायचो आणि तिच्या दळणाचा डाव मी खेळायचो. यात काही चुकतंय असं मला वाटलं नाही, तिलाही वाटलं असेल तर ती बोलली नाही. दळणाचा नंबर येईपर्यंत ती चाळणीच्या खांबाला टेकून उभी राहायची आणि पेटीकडे बघायची. पट्टा फटक फटक फिरत असायचा, पिठाचा धुरळा उडत असायचा आणि त्या धुरळ्यात ही महिनोन्महिने नुसती बघत होती. बटणांत पीठ जाऊन एक बटण अडकलं तेव्हा केसातली पिन काढून तिनंच ते उघडून साफ केलं. आण्णांनी सुरतेच्या साल्याला निरोप धाडायचा बेत तिथेच सोडला. जिजी तेव्हा बारावीत होती. धुळ्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला जायचं तिच्या मनात होतं. शाळेतल्या बाईंनी आणून दिलेली माहितीपुस्तिका फडताळात साखरेच्या डब्यामागे ठेवलेली असायची. आबांना विचारलं की ते "देखू" म्हणायचे. आमच्या आबांचं "देखू" म्हणजे तीन चतुर्थांश हो. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आता आमच्या गिरणीतला कायदा सांगतो. दांडी पुढे ढकलली की आपला पैलवान पुढे जायचा, मागे ओढली की मागे सरकायचा. मागे सरकायचं? आमची सगळी पोरं पाटलांची, बागायतदारांची, तापीकाठच्या काळ्या जमिनीवर पोसलेली. बापजाद्यांनी बांधाची एक वीत सोडली नाही, आणि आम्ही त्या काचेतल्या परक्या माणसासमोर मागे सरकणार? जो दांडी मागे ओढेल त्याचा डाव रद्द आणि त्याच्या तोंडाला मूठभर पीठ फासायचं. पावडर लावली, बायको झाली, असं ओरडायचं. दोन पोरांना लावली, तिसऱ्याची हिंमत झाली नाही. आम्ही सगळे फक्त पुढे जायचो आणि मारायचो, समोरचाही पुढे येऊन मारायचा, आणि ज्याचा हात आधी पोचला तो जिंकायचा. वर्षभर आम्ही अख्खा गेम असा खेळलो. मागे दांडी धरून ठेवली की पैलवान दोन्ही हात तोंडासमोर आणून वार अडवतो, हा त्या खेळाचा निम्मा भाग आहे, हे तिथल्या एकाही मर्दाला कळलं नाही.

ते कळलं जिजीला, आणि कधी कळलं, तर श्रावणात, कानबाई देवीच्या सणाला. कानबाईच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या, म्हणजे रोट, करायचे तर आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. सुपात मुठी टाकायचं काम जिजीचं. आबांच्या नावाची, काकांची, माझी, नाव घ्यायचं आणि मूठ टाकायची. त्या दिवशी आण्णा गिरणी धुऊन घेत. आधी सगळ्यांचे रोटाचे गहू, तोवर दुसरं दळण नाही, आणि पोरांना आत मज्जाव. जिजी न्हाऊन, ओल्या केसांनी गहू घेऊन गेली. गर्दी नव्हती. आण्णा म्हणाले, "पोरी, वरीसभर डबा तू आनस आन् डाव तुन्हा भाऊ खेळस. आज खेळी ले." तिनं दांडी धरली. जन्मभर तिला एकच गोष्ट सांगितली होती, कोणी अंगावर आलं तर मागे सर. बैल आला मागे सर, पाहुणे आले मागे सर, पुरुषमाणूस दारात आला मागे सर. काचेतला माणूस अंगावर आला. तिनं दांडी मागे ओढली आणि धरून ठेवली.

हे मला तिनं संध्याकाळी भाकरी थापता थापता सांगितलं. मी हसलो. मग दुसऱ्या दिवशी गुपचूप करून पाहिलं आणि माझं हसणं तिथेच पिठात मिसळलं.

पुढचे तीन महिने मी तिच्याकडे शिकत होतो. आमचं शिक्षणाचं यंत्र म्हणजे मिठाच्या बरणीत उभं केलेलं लाटणं ही दांडी आणि पोळपाटावर मांडलेले चार चिंचोके ही बटणं. ती चुलीसमोर, तिची नजर तव्यावर, आणि हुकूम माझ्यावर. "मांगे. धर. धरी ठेव रे! उना, उना, अजून उना... आते मार." उना म्हणजे आला, समोरचा पैलवान. मी घाईनं आधीच चिंचोका दाबला की उलथन्याचा चटका पायाला. "कसाले घाई करस, बारकू? तो थकस का नही ते देख ना. तो मारी मारी थकस, मंग तुन्ही बारी." तिनं एक बारीक गोष्ट टिपली होती, जी मला आजसुद्धा चांगल्या चांगल्या खेळाडूंना समजावून सांगावी लागते. साधा ठोसा अडवला तर पट्टी जागेवर राहते. पण समोरच्यानं त्याचा मोठा, आगीचा वार केला आणि तो तुम्ही नीट अडवला, तरी पट्टी केसभर कमी होते. "अडवं तरी केसभर जासच," ती म्हणायची. "म्हनीसन नुसतं अडवत बसानं नही. एखाद बारी मारनं पडस." मायला वाटायचं भावाबहिणीचं काही पाठांतर चाललंय. ती कौतुकानं तुपाचा गोळा जास्त वाढायची. मलाच.

त्या थंडीत बातमी आली, की खांडबाऱ्याचा दिन्या येतोय. दिन्या खांडबाऱ्याच्या स्टेशनावरून गाडीत बसून सुरतेला जायचा आणि तिथे पेट्यांवर खेळून यायचा. त्याच्याबद्दल असं ऐकलं होतं, की तो डाव्या हातानं चहा पीत उजव्या हातानं जिंकतो. (हे ऐकलेलं मीच पसरवलं होतं. शत्रू मोठा करून ठेवावा, हरलो तर लाज कमी.) आमच्या गिरणीतून त्याच्याशी कोण खेळणार हे ठरवायला आदल्या रविवारी आण्णांनी चाचणी ठेवली. अख्खी कॉलनी जमली. बाया दळणाचे डबे घेऊन, बाप्ये बिड्या घेऊन.

मी पहिल्याच डावात दांडी मागे ओढली आणि मी पळालो म्हणून गिरणी पेटली. "पयना! पयना! पावडर लावा रे त्याले!" विज्या मूठभर पीठ घेऊन धावला. आण्णांनी त्याचा हात धरला. "थांब. तोंड मंग देख, आधी पट्टी देख." पट्टी जागच्या जागी होती. समोरचा पोरगा मारून मारून दमला, मी एकदा मारला, तो आडवा. मग दुसरा, तिसरा, विज्या. मी सातही जणांना लोळवलं. माझ्या नेहमीच्या हिशेबानं सत्तर म्हणायला हवं, पण आज सात म्हणतो, सातच होते. मला पोरांनी खांद्यावर घेतलं. आणि मी, खांद्यावरून, सगळ्यांना सांगितलं, की हा डाव माझा मीच शोधून काढला. तोरणमाळच्या बाबांचा जन्म त्या दिवशी, त्या खांद्यावर झाला.

जिजी खांबाला टेकून उभी होती. पण आण्णा बेरकी माणूस. त्यांनी श्रावणातला तो दिवस पाहिला होता. ते म्हणाले, "थांबा. एक दळण बाकी से. सुनंदा, तुन्हा आजना डाव कोनी खेळा नही. ये." लोक हसले. जिजी हसून नको म्हणाली. आण्णा म्हणाले, "भाऊले भ्यास का?" तेव्हा ती आली. पदराला हात पुसले आणि दांडी धरली.

दोन डाव झाले. मी तिच्या शिकवण्यातलं सगळं काढलं. मी मागे धरलं, तीही मागे धरून उभी राहिली, दोघंही नुसते उभे, आणि लोकांना कळेना काय चाललंय. मग मला धीर धरवेना. मी पुढे गेलो. ती वाटच बघत होती. दुसऱ्या डावातही तसंच. तिच्या पट्टीला माझा हात लागला नाही. माझा पैलवान आडवा पडलेला असताना त्या गिरणीत जो हशा उठला तो मी अजून कानात घेऊन फिरतो. "दळी टाकं रे! बहीणनी बारकूले दळी टाकं!" विज्यानं राखून ठेवलेलं मूठभर पीठ माझ्या तोंडाला फासलं. आण्णा टाळ्या वाजवत होते. जिजी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "घाई करी तू." त्यात टोमणा नव्हता. ती शिकवत होती.

त्या दिवशी आबा लवकर जेवायला बसले. मी शेजारी. तोंड तीनदा धुतलं होतं तरी कानामागे पीठ होतं. जिजी वाढत होती. मी भाकरी मोडली आणि म्हणालो, की आबा, जिजीला गिरणीत पाठवू नका, ती तिथे पोरांच्या गर्दीत उभी राहून खेळते आणि बाप्ये माणसं हसतात.

एवढंच वाक्य. त्यात एक शब्द खोटा नव्हता. मी आयुष्यात हजार खोटी सांगितली, एकानं कोणाचं वाकडं झालं नाही. हे एक खरं सांगितलं.

आबांनी घास थांबवला. जिजीकडे पाहिलं नाही, ताटाकडे पाहिलं. मग ताटातच हात धुतला. अर्धी भाकरी तशीच होती. माय म्हणाली, "काय व्हयनं? जेवा ना. पोरगी आण्णानी बोलावं म्हनीसन गयी." आबा म्हणाले, "सकायपाईन दळण बारकू लई जाई." जिजीनं माझ्या ताटात भाकरी वाढली. मी सांगतोय ते तिच्या समोर सांगत होतो, तिनं सगळं ऐकलं होतं, आणि तरी तिनं मला विचारलं, "ठेचा देऊ का?"

बाजाराच्या दिवशी दिन्या आला. किडकिडीत पोरगा, दोन्ही हात लागायचे त्याला. मी त्याला हरवला. सुरतेच्या पेट्यांवर खेळलेला, त्यामुळे मागे धरणं त्याला ठाऊक होतं, पण वाट बघणं ठाऊक नव्हतं. तिसऱ्या डावात त्यानं घाई केली. पोरांनी मला खांद्यावर घेऊन कॉलनीभर फिरवलं. आमच्या दारावरून मिरवणूक गेली तेव्हा जिजी दोरीखाली उभी राहून सदऱ्यावरची राख फुंकत होती. पोरं ओरडली, "बारकू जिकना!" तिनं वर पाहिलं. मला म्हणाली, "मांगे धरं का?" मी मान हलवली. "बेस," ती म्हणाली आणि पुन्हा फुंकर मारायला लागली.

आबांचं "देखू" त्यानंतर कधी ऐकू आलं नाही. बारावीचा निकाल लागायच्या आत स्थळ आलं. माहितीपुस्तिका साखरेच्या डब्यामागून कधी निघाली ते मला माहीत नाही. तिच्या पानांवर मायनं पुढे पापड वाळवले, हे माहीत आहे, कारण ते मी खाल्ले. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी जिजीचं लग्न झालं. आखाजीला सगळ्या लेकी माहेरी येऊन झोके खेळतात, ती पहिल्याच आखाजीला पाहुणी होऊन आली. दिलं कुठे, तर खांडबाऱ्याला. गावं काय थोडी होती! वरात गेली तेव्हा पोरं मला चिडवत होती, दिन्याच्या गावाला बहीण देऊन टाकली, बदला पुरा झाला. मी हसलो. तेव्हा मला ते विनोदी वाटलं होतं. हिरामण आण्णांनी मात्र त्यानंतर मला कधी फुकट डाव दिला नाही. डबा घ्यायचे, दळून द्यायचे, पेटीकडे बोट करायचे नाहीत. मी कधी कारण विचारलं नाही.

या वर्षी कानबाई रविवारीच आली, ती दरवर्षी रविवारीच येते, पण मला आपली तारीख लक्षात नव्हती आणि चारला बसायचं मी लोकांना कबूल केलं होतं. घर पाहुण्यांनी भरलेलं. जिजी खांडबाऱ्याहून सकाळीच आली होती. तिचे केस पांढरे झालेत, पिठासारखे. मी कोपऱ्यात मोबाईल लावून बसलो, आणि ती तिथेच, माझ्यापासून चार हातांवर, कणीक मळत होती. पोरांचे प्रश्न आले. आवडता गेम, चपळ अंगठे, झोप किती घेता. मी फेकत होतो, घरातली पोरं खिदळत होती. मग एकानं लिहिलं, "काका, बाबा खरे होते का? गुरूंचं खरं नाव सांगा ना."

मी मान वर केली. जिजी मळायची थांबली होती. ती माझ्याकडे नाही, परातीकडे बघत होती. नाव तीन अक्षरांचं होतं. चार हातांवर होतं. मी मोबाईलकडे बघून म्हणालो, "पोरांनो, वाईट बातमी आहे. बाबांनी मागच्या महिन्यात समाधी घेतली."

हात जोडलेले शेकडो नमस्कार यायला लागले. मी मोबाईल बंद केला. जिजी हसायला लागली, अशी हसली, की तिला परात बाजूला ठेवावी लागली. "बेस करं रे बारकू," ती म्हणाली, "भलता जगना बिचारा. लाकडं फोडीसन देस त्याले तू अजून किती वरीस?" मीही हसलो. मग हसता हसता मी म्हणालो, जिजी, मी लिहितोय, त्यात खरं लिहिणार आहे. आबांना मी काय सांगितलं तेसुद्धा. तिनं हातावरची कणीक खरवडली. "लिखी टाक," ती म्हणाली. "माले बारीक अक्षर दिसत नही, मन्हा नातू वाचीसन सांगी." मी विचारलं, तुला राग नाही आला कधी? ती परात पुढे ओढत म्हणाली, "राग काय. अडवं मी." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "केसभर तं जासच."

तेवढ्यात आतून रोट घेऊन माझी बायको आली. आमच्या कानबाईचे रोट घरच्यांनी, भाऊबंदांनीच खायचे असतात. लग्न झालेल्या लेकीला ते चालत नाहीत. उरवायचेही नसतात, बाहेर द्यायचेही नसतात, सगळे तिथेच संपवायचे. कोणी काही बोलायच्या आधी जिजी उठली आणि दोन पावलं मागे सरून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिथून ती आम्हाला बघत होती. माझ्या नावाच्या सव्वा मुठीचे रोट माझ्या ताटात पडले. एक जास्तीचा होता, तो कोणाचा यावर थोडी बोलाचाली झाली. जिजी दारातून म्हणाली, "बारकूले द्या. तो खाई लेई."

मी तोही खाल्ला.